बाळघासचं नाक

(दाभोशातल्या बाबल्याच्या घराचा ओटा. दुपार. जव्हारहून आलेल्या, नागलीच्या (नाचणीच्या) पुडीची कंपनी चालवणाऱ्या वनमालाताई ओट्याच्या कडेला टेकल्यात. बाबल्या खांबाला पाठ लावून बसलाय. त्याची बायको येसू आतबाहेर करतेय.)

वनमाला : गुडघे? दादा, गुडघे माझे दुखतात. तुम्ही गेल्या आठवड्यापर्यंत पोतं एकट्यानं उचलून भट्टीजवळ ठेवत होतात. दुसरं कारण सांगा.

बाबल्या : वय झालं ताई.

वनमाला : ते माझंही झालं. तिसरं सांगा.

येसू : कोरा चाय ठेवते ताई. दूध नाय आज.

वनमाला : कोराच दे. आणि इथं बस. सहा दिवस भट्टी थंड आहे, येसू. रघुच्या हाती निरोप पाठवला तुझ्या नवऱ्यानं, काम सोडलं म्हणून. बावीस वर्षांचं काम असं गाडी चालवणाऱ्याच्या हाती निरोप देऊन सोडतात का?

बाबल्या : तुमी नाशकात व्हत्या.

वनमाला : फोन होता ना माझ्याजवळ.

बाबल्या : फोनवर बोलवंना.

येसू : घरात पण नाय बोलला तो. मी काल लेकीकडनं आले, रंजनाच्या घरनं, वांगणीवरनं. बघते तर हा भिंतीकडं तोंड करून पडलेला. मला वाटलं ताप हाय. कपाळाला हात लावला तर गार. मंग मीनाला फोन केला, तवा कळलं.

वनमाला : मलाही मीनानंच सांगितलं. सोमवारचा घाणा जळला. चाळीस किलो नागली. बरं, जळली. आपल्या कंपनीचा पहिला घाणा तर माझ्याच हातून जळला होता. त्यासाठी कोणी घरी बसतं?

बाबल्या : जळली त्याचं नाय ताई.

वनमाला : मग कशाचं?

बाबल्या : मीना पॅकिंगमधनं पळत आली. तिच्या मागं साऱ्या पोरी, पदर नाकाला लावून. धूर नव्हता अजून, निस्ता वास. रविना खोकत व्हती. आन मी उभा, उलथणं हातात. मीना बोलली, दादा, जळतंय. मी बोललो, नाय गं, बेस हाय. अजून दोन मिनटं.

वनमाला : बरं, मग?

बाबल्या : मंग ती माझ्याकडं बघतच राहिली. भिंतीपल्याडचा टायरवाला ओरडला, काय जाळताय रे म्हणून. त्याला वास आला. साऱ्यांना आला. मला नाय आला.

वनमाला : सर्दी असेल.

येसू : आता तरी सांग. ताई एवढ्या उन्हात इथवर आली. तू सांग, नायतर मी सांगते.

बाबल्या : चार वर्सं झाली ताई. मला वास येत नाय.

वनमाला : कशाचा?

बाबल्या : कशाचाच नाय. शेणाचा नाय, रॉकेलचा नाय, मोहाच्या फुलांचा नाय. भात करपला तर जिभेला कडू लागतं तेवढंच.

वनमाला : चार वर्षं. म्हणजे त्या साथीत.

बाबल्या : त्याच साथीत. ताप आठ दिवसांत उतरला. नाक गेलं ते गेलं. डॉक्टर बोलला, येईल, वाट बघ. बघितली.

वनमाला : थांबा दादा. मला नीट कळू द्या. पाकिटावर काय छापलंय आपल्या? 'प्रत्येक घाणा बाबल्यादादांनी वास घेऊन उतरवलेला.' बाजूला तुमचा फोटो. तो फोटो बघून लोक बाळाच्या तोंडात पहिला घास घालतात. सहा महिन्यांच्या, सात महिन्यांच्या बाळाच्या!

बाबल्या : म्हून तर काम सोडलं.

वनमाला : आत्ता सोडलंत! चार वर्षांनी! एखादा घाणा कच्चा राहिला असता, एखादा करपून दळला गेला असता, कुणा लेकराचं पोट बिघडलं असतं, म्हणजे? आपण बाळाच्या पोटासाठीच करतो ना हे सगळं?

येसू : गेला का?

वनमाला : काय?

येसू : चार वर्सांत एक तरी पाकीट कडू म्हणून माघारी आलं का, ताई?

वनमाला : नाही. एकही नाही. तेच मला समजत नाहीये. तपासायला नमुने जातात, ते सगळे बरोबर. परवा नाशिकला आपला माल घेणाऱ्या त्या बाईंनी विचारलं, तुमच्या भाजणीत कधीच फरक कसा पडत नाही? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आमच्या भट्टीवर यंत्र नाही, माणूस आहे. मग हे झालं कसं?

बाबल्या : नाक हिचं व्हतं. सोमवारी ही रंजनाकडं व्हती.

येसू : मी भाकर घेऊन यायचे ना रोज.

वनमाला : हो. भट्टीजवळ बसून नागली निवडायचीस. मी म्हणायचे, बसू दे, तिलाही करमतं.

येसू : निवडलेलीच निवडायचे ताई. प्रगती सकाळी सारी चाळून ठेवायची. तेच सूप मी खाली-वर करायचे. चार वर्सांत एक खडा नाय गावला मला.

वनमाला : आणि दादांना कळायचं कसं?

येसू : मी बोलायचे, पाणी पी.

वनमाला : पाणी पी?

येसू : पाणी पी, म्हंजे उतरव. घाम पूस, म्हंजे जाळ बारीक कर.

वनमाला : अगं बाई! मी पोरींना तुझा दाखला द्यायचे येसू! म्हणायचे, बघा, एवढी वर्षं झाली लग्नाला, तरी नवऱ्याला दहा वेळा पाण्याचं विचारते. माझ्या सुनेलासुद्धा ऐकवलं.

येसू : शलाका काय बोलली?

वनमाला : म्हणाली, आई, त्या विचारत नाहीत, हुकूम सोडतात.

येसू : पोरगी शानी हाय.

वनमाला : हसू नकोस. मला राग आलाय. खरंच आलाय. तीस बायका त्या कामावर जगतात, आणि मला, मला एकटीलाच माहीत नव्हतं. का नाही सांगितलंत दादा? मी काय काढून टाकलं असतं तुम्हाला?

बाबल्या : सांगाया आलतो.

वनमाला : कधी?

बाबल्या : ताप उतरला त्याच्या तिसऱ्या दिशी. जीपगाड्या बंद व्हत्या. चालत आलो जव्हारला. मनात बोललो, तुमचे दामोदरशेठ मेडिकलवाले हायेत, त्यांना ठाव असंल यावर औषध. दुकानाला आलो तर शटर खाली. त्यावर खडूनं काय तरी लिवलेलं. मला वाचता येत नाय. बाजूचा बोलला, शेठ गेले आज पहाटं.

वनमाला : त्या दिवशी? त्या दिवशी तुम्ही आला होतात?

बाबल्या : रस्त्याच्या पल्याड उभा व्हतो. जवळ जाऊन देत नव्हते कोणाला. तुमी माडीच्या खिडकीत उभ्या व्हत्या. मी हात जोडले. तुमी बघितलं नाय.

वनमाला : मला काहीच दिसत नव्हतं दादा तेव्हा.

बाबल्या : तसाच माघारी आलो. मंग महिन्यानं भट्टी पेटवली. पयल्याच दिशी तुमी आल्या. लई वाळल्या व्हत्या. माझ्या म्होरं उभं राहून बोलल्या, दादा, लायसन, कागद, बाहेरची माणसं, सारं ते बघायचे. आता माझ्याकडं काय राहिलं? तुमचं नाक तेवढं राहिलं. मंग मी काय बोलू तुमाला? का त्ये पण गेलं?

वनमाला : मी असं म्हणाले होते?

येसू : बोलल्या व्हत्या. मी तिथंच भाकर सोडत व्हते. हा घरी आला, जेवला नाय. मला बोलला, येसू, तुला नाक हाय का? मी बोलले, हाय की, पर मला शेण आन भाकर एवढंच वळखता येतं. बोलला, बास झालं. बाकीचं मी शिकवतो.

वनमाला : ज्याला वास येत नाही त्यानं वास शिकवला?

बाबल्या : ध्यानात व्हता ना सारा. नाक गेलं, ध्यान नाय गेलं.

येसू : महिनाभर रोज चुलीवर मूठ मूठ नागली भाजली आमी. कोंबड्या कंटाळल्या खाऊन.

वनमाला : मला दाखवा.

येसू : आता?

वनमाला : आत्ता. माझ्यासमोर. भट्टी मी कुणाच्या भरवशावर ठेवली होती, ते मला कळू दे.

येसू : चूल पेटलेलीच हाय. मोडाची नागली हाय थोडी, रंजनाच्या पेजेसाठी सुकवलेली. या आत, वाकून या, डोक्याला लागंल. तू पण ये.

बाबल्या : मी पाठ करून बसतो ताई. बघितलं का डोळा मधी बोलतो.

येसू : तवा तापला. टाकली.

बाबल्या : आता वल्या मातीचा येईल. पावसाच्या मातीचा नाय. वाफ्यात पाणी सोडतो, ते जिरताना येतो तसा.

येसू : आला. गेला पण.

बाबल्या : आता कसलाच नाय येणार. हलवत राह्याचं. नवा माणूस हितंच घाबरतो, त्याला वाटतं काय होतच नाय, आन जाळ वाढवतो.

वनमाला : मी वाढवला होता.

बाबल्या : तुमी लई वाढवला व्हता. येसू?

येसू : पेंढ्याचा येतोय.

बाबल्या : खळ्यावरच्या का घरातल्या?

येसू : खळ्यावरच्या. उन्हात तापलेल्या.

बाबल्या : लाकूड मागं वढ. आता कडंची तडतडंल, मधली नाय तडतडणार. कडंची आत घे. काय येतं?

येसू : सायीचा. थोडा धुराचा पण हाय, तो चुलीचा.

बाबल्या : चुलीचा सोड. आता कोणी बोलू नका.

येसू : पाणी पी.

बाबल्या : उतरव.

वनमाला : बघू. दे इकडे हातावर. हीच. अगदी हीच भाजणी. येसू, हा शेवटचा वास कशाचा? मातीचा कळला, पेंढ्याचा कळला. कशावरून उतरवलीस?

येसू : ते त्याला विचारा.

बाबल्या : रंजनाच्या टाळूचा.

वनमाला : काय म्हणालात?

बाबल्या : ती पयल्यांदा पोटभर खाऊन झोपली ना, तुमच्या पडवीत, तवा मी तिची टाळू हुंगलेली. त्याच्या आधी नऊ महिने हुंगत व्हतो, कसलाच वास नव्हता तिला. निस्तं कापड हुंगल्यासारखं. त्या दिशी आला. भाजलेला, गोडसर. मला वाटलं, तव्यावरचाच वास पोरीच्या अंगात उतरला. तवापासनं भट्टीवर तो वास आला का मी उतरवायचो. कोणाला सांगितलं नव्हतं. येसूला शिकवायचा झाला, तवा सांगाया लागलं.

येसू : मी बोलले, एवढंच ना? ते मला तुज्याआधी ठाव हाय. मी तिची आई हाय.

वनमाला : मान धरत नव्हती ती. अजून डोळ्यासमोर आहे माझ्या. भादवा होता. दुकानाच्या पायरीवर तुम्ही दोघं, आणि तुझ्या पदरात एवढंसं गाठोडं. मला आधी वाटलं, आत पोर नाहीच.

येसू : डॉक्टरनं पावडरीचा डबा लिवून दिलता. तुमच्याकडं एकच व्हता.

वनमाला : आणि त्याची तारीख उलटलेली. तू म्हणालीस, चालंल, द्या. मी देणार होते येसू. खरं सांगते, काढून काउंटरवर ठेवला होता. ह्यांनी माझ्या हातातून घेतला, म्हणाले, हा लेकराला नाही द्यायचा. नवा नाशिकहून यायचा, आणि घाटात दरड कोसळलेली. तीन दिवस गाडी नाही. मग ह्यांनी तुला विचारलं, पिशवीत काय आहे?

येसू : नागली आन उडीद. माज्या भावाकडं द्यायला नेत व्हते. दोन दिवस स्टँडवर अडकलो, सारं भिजलं, मोड आले. मला दाखवाया लाज वाटत व्हती. शेठ वाकून बघत बोलले, अगं, मोडाचीच तर पायजे!

वनमाला : पडवीत सुकवली, स्टोव्ह पेटवला, आणि मी मोठ्या हौसेनं भाजायला बसले.

बाबल्या : मी पायरीवर बसलेलो. वास आला. दोन खोल्या पार करून आला. मी वरडलो, ताई, जळली!

वनमाला : वरडलात कुठले, धावत आत आलात! गिऱ्हाईक सरळ स्वयंपाकघरात, आणि माझ्या हातातलं उलथणं काढून घेतलंत. मी ह्यांच्याकडे बघितलं, हे हसताहेत.

येसू : उरलेली यानं भाजली. तुमी दळली, मी पेज केली. चार दिवस तुमच्याच पडवीत राहिलो. पाचव्या दिशी पोरीनं वाटीवर हात मारला. वाटी सांडली, पर मी रडले ना ताई.

वनमाला : मी पण. आणि आठवड्यानं तुझी नणंद तुळशी आली तिचं पोर घेऊन, म्हणाली, ती पेजेची पूड द्या. तिच्यामागून तिची शेजारीण. हे औषधाच्या कागदात पुड्या बांधायचे, वर पेनानं लिहायचे, 'बाळघास, पाण्यात शिजवून'. तेच नाव राहिलं. डेपोतले कंडक्टर पुड्या न्यायचे नाशिकला, ठाण्याला, आपल्या भाचरांसाठी. मग तिकडून माणसं विचारत आली. तेव्हा कुठे आम्हाला कळलं की ही कंपनी झालीये.

बाबल्या : आन आता मोखाड्याला नवी शेड.

वनमाला : दसऱ्याला सुरू करायची म्हणते. नाशिकच्या बाई म्हणतात, फिरत्या पिंपाची भट्टी घ्या, बटणावरची. मी तीन वर्षं नाही म्हणतेय. तुमच्यासाठी नाही म्हणतेय दादा! म्हटलं, माणसाच्या नाकावर उभी राहिलेली कंपनी, ती बटणावर कशी टाकू?

बाबल्या : घ्या मशीन ताई. मशीनला ताप येत नाय.

वनमाला : घेईन. आता घेईनच. पण बटण कधी दाबायचं, ते कोणाला तरी कळायला हवं ना? प्रगतीला, रविनाला, मीनाला. आजवर मी त्यांना म्हणायचे, दादांकडे बघून शिका. कोण काय शिकलं? तुम्हाला वास यायचा, तुम्ही उतरवायचात. तोंडानं एक अक्षर नाही. त्या बिचाऱ्या तुमच्या पाठीकडे बघत उभ्या.

येसू : तवा त्याला बोलायची गरज नव्हती.

वनमाला : तेच म्हणते मी. आत्ता चुलीपुढे तुम्ही जे बोललात, ते मी बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. ते पोरींना सांगायचं. एकेकीला बसवून. येसू भट्टीवर उभी राहील, तुम्ही शिकवाल.

बाबल्या : पोरींच्या म्होरं कसा जाऊ? साऱ्यांनी बघितलंय मला, जळक्या वासात उभं राहून बेस बोलताना.

वनमाला : जायचं आणि सांगायचं. मी नाही सांगणार तुमच्या वतीनं. मीना घरी येऊन रडली माझ्याकडे. तिला वाटतंय तुम्हाला काही मोठा आजार झालाय. तिला काय सांगू? तुम्हीच सांगा.

बाबल्या : हसतील.

येसू : हसू दे. मी चार वर्सं निवडलेलंच सूप पाखडत बसले, माज्यावर पण हसतील.

वनमाला : आणि ती पाकिटं बदलायची. उद्याच सांगते छापणाऱ्याला. खोटं आहे ते, एक दिवस जास्त नको. येसू, तुझा फोटो काढायला माणूस पाठवते.

येसू : फोटो नको.

वनमाला : का गं?

येसू : मला नाय आवडत. उगा सारे बाजारात वळखतात. ह्याला वळखून बायका विचारतात, दादा, माजं पोर जेवत नाय, काय करू? तो बिचारा उभा राहतो, पिशवी हातात घेऊन. मला फोटो नको. मला मस्टरवर घ्या. आन बसायला उंच स्टूल द्या. उकिडवं बसून पाय मेले माझे.

वनमाला : चार वर्षं तू कामावर होतीस आणि मस्टरवर नव्हतीस. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. रोज डोळ्यांसमोर होतीस. त्याचं जे काय द्यायचं ते सगळं देईन, आणि चुकले म्हणेन. आत्ताच म्हणते. चुकले गं.

येसू : राहू दे ताई. चाय गार झाला तुमचा.

वनमाला : गारच चांगला. दादा, उद्या सातला रघु येईल गाडी घेऊन. दोघांनी यायचं.

बाबल्या : येतो.

वनमाला : नक्की?

बाबल्या : बोललो ना, येतो. पर पोरींना सांगताना तुमी आत ऑफिसात बसा. तुमी समोर असल्या का मला जमणार नाय.

वनमाला : बसेन आत. दार लावून घेईन. चला, उठते मी. बघ, एवढा वेळ बसले आणि जे विचारायचं तेच राहिलं. रंजनाला काय झालं?

येसू : पोरगी. आज आठवा दिवस. सासू नाय तिला, म्हणून मी गेलते. कालपासनं तिची जाऊ बघते.

वनमाला : छान झालं! कशी आहे?

येसू : बेस हाय. रडते लई. ह्यानं अजून बघितली नाय.

वनमाला : आठ दिवसांत? दादा! वांगणी काय लांब आहे?

येसू : रंजना मला रोज विचारायची, बा का नाय आला? मी सांगायचे, काम हाय. तिला ठाव हाय, कारण ते नाय.

वनमाला : मग आत्ता चला. खाली गाडी उभीच आहे. वावर गावापर्यंत गाडीनं जाऊ, पुढं रस्ता नसला तर चालू. मलाही बघायचीये रंजनाची पोर. उठा.

बाबल्या : तुमी दोघी जा. मी मागनं येईन.

येसू : मागनं म्हंजे कवा? ती चालाया लागल्यावर?

बाबल्या : येसू, ऐक ना. रंजना पोर माझ्या हातात देईल. बोलंल, बा, हुंग. तिला सांगितलेलं मी, ती ल्हान व्हती तवाचं. आन मी तिची टाळू नाकाला लावीन, आन काय? काय सांगू तिला? मांडीवर घेऊन मला काय कळणार?

येसू : तू घे तर. वजन तर कळंल.